चंद्रभानचा कान

पातूर,
पौष शुद्ध पंचमी, शके १७८५

पंजाबराव,

पत्राच्या वर 'चिरंजीव' लिहायची रीत आहे, असं तुझे भाऊजी म्हणतात. लेखणी त्यांच्या हातात आहे, पण तोंड माझं आहे. मी म्हटलं, ते राहू द्या. मी बोलते ते पत्राला शोभेल असं नीट करून लिहा, राग मात्र पुसू नका.

आपला धाकटा चंद्रभान माझ्याकडे पोचला. तो पोचला की वाटेत मेला, हे तू विचारलं नाहीस. तरी सांगते.

तुझ्या कापसाच्या गाड्या खामगावच्या बाजाराला निघाल्या, तेव्हा तू त्याला शेवटच्या गाडीत बसवलंस, गाठोड्यांच्या आड, वर घोंगडी टाकून. गाडीवानांना सांगितलंस की अकोल्याला उतरवा, तिथून बहिणीचं गाव जवळ आहे. जवळ! अकोल्याहून पातूर म्हणजे धडधाकट माणसालाही दिवस लागतो. त्याला उन्हात डोळे उघडता येत नाहीत, हे तुला ठाऊक नाही? लहानपणी आपण तिघं आंब्याखाली खेळायचो, तो सावलीबाहेर आला की डोळे मिचकावत धडपडायचा आणि तूच हसायचास. तो रस्त्याच्या कडेचं गवत पायानं चाचपत आला. दारात उभा राहिला, तेव्हा मी त्याला आधी ओळखलं नाही. डोक्याला फडकं, त्यातून डाव्या कानावर रक्त आणि पू वाळलेला. मी रडले, तर तोच मला म्हणतो, "काहून रडून राहिली बाई? मी मेलो नाई अजून."

गाडीवानांनी त्याला वाटेत भाकरी दिली ती लांबून फेकून. तुझा हुकूम होता म्हणे. महारोगी आहे, शिवू नका.

पंजाब, तो जन्मला तेव्हा दुधासारखा पांढरा होता, केस मक्याच्या तुऱ्यासारखे. गावानं त्याला भुऱ्या म्हटलं. बाबांनी कधी म्हटलं नाही. बाबा त्याला ऊन चढायच्या आत वावरात न्यायचे, दुपारी घरात ठेवायचे आणि दिवस कलल्यावर बैलं सोडायला पाठवायचे. त्याचं अंग उन्हानं भाजतं, फोड येतात, हे बाबांना कुणी शिकवलं नव्हतं. पोराकडे बघून कळत होतं.

बाबा गेले आणि विलायतेकडच्या लोकांना एकाएकी आपल्या कापसाची भूक लागली. दूर कुठे लढाई चालू आहे म्हणे, तिथला कापूस येत नाही. वऱ्हाडात जो तो माणसासाठी ओरडू लागला. वेचणीला बाया मिळेनात, म्हणून तू चंद्रभानला सकाळपासून संध्याकाळपर्यंत वावरात उभं केलंस. "पांढरं झालं म्हून का बसून खायाचं?" असं तू म्हणालास. त्यानं मला हे चहाडी म्हणून सांगितलं नाही. मी खोदून खोदून विचारलं.

कानाच्या वरच्या काठावर खपली आली. पडली, परत आली. दोन पावसाळे असं चाललं. मग तिथे गाठ झाली, गाठ फुटली, वास येऊ लागला. तेव्हा तू वैद्य आणला नाहीस. भाऊकीतले पंच आणलेस. त्यांना म्हणालास, महारोग झाला आहे आणि महारोग्याला शास्त्रानं जमिनीत वाटा नसतो. बाबांची काळी जमीन सगळी तुझ्या नावे करून घेतलीस. त्याला वावराच्या टोकाला झोपडी दिलीस आणि मग तीही जड झाली.

तो इथे माझ्या घरात झोपतो. माझ्या मुलांबरोबर जेवतो. तुझे भाऊजी पहिल्या दिवशी घाबरले होते. ते आत्ता हे लिहिताना थांबले. मी म्हटलं, लिहा, खरं आहे ते.

गोदाबाई

अकोला, सरकारी दवाखान्याच्या धर्मशाळेतून,
वैशाख वद्य तृतीया, शके १७८६

पंजाबराव,

तुझं उत्तर आलं नाही. मला उत्तर नको. ऐकणारा पाहिजे.

पातूरला एक वैद्य आहे. त्यानं सोमलाचा जहरी लेप दिला. लेप लावला की चंद्रभान दोरीनं बांधल्यासारखा ताठ व्हायचा, दात खायचा, पण ओरडायचा नाही. जखम काळी पडली, तुकडा गळून पडला, खालून लाल मांस आलं. वैद्य म्हणाला, झालं, बरा झाला. मीसुद्धा नारळ फोडला. पण होळी होईस्तोवर त्या जखमेच्या काठाला पुन्हा मोत्यासारखे दाणे उठले. वरचं जळलं होतं, मूळ आत तसंच होतं. मी वैद्याच्या ओसरीवर जाऊन बोलायचं ते बोलले. पातुरात अजून त्याची चर्चा आहे.

मग तुझ्या भाऊजींनी गाडी जुंपली. अकोल्याला गोरा डॉक्टर आहे आणि त्याच्या हाताखाली चिंतामणराव म्हणून पुण्याकडचे एक ब्राह्मण आहेत, सरकारी शाळेत डॉक्टरकी शिकलेले. बाहेर रांगेत बसलो, तर चंद्रभानच्या शेजारची माणसं उठून गेली. आम्हाला पूर्ण बाक मिळाला.

डॉक्टरनं त्याला सदरा काढायला लावला. मग काय केलं, ते मन लावून ऐक. त्यानं एक सुई घेतली आणि चंद्रभानला डोळे मिटायला सांगून पाठीवर, दंडावर, पायाच्या बोटांवर टोचत गेला. चिंतामणराव म्हणाले, "कळलं की सांगा हं."

"आई गं! कयते न! कायले टोचून राहिले?" चंद्रभान ओरडला.

कानाजवळ टोचलं, तेव्हा तर तो बाकावरून उठलाच. डॉक्टर हसला. मला त्याचा गळा धरावासा वाटला. मग चिंतामणरावांनी समजावलं. "बाई, महारोगात कातडी बधिर होते. सुई टोचली तरी कळत नाही. भुवया झडतात, बोटं आखडतात. यांचं सगळं जिथल्या तिथे आहे. हा महारोग नव्हे."

मी म्हटलं, "परत बोला."

"हा महारोग नव्हे. कुणाला लागत नाही. भांडी वेगळी ठेवायचं कारण नाही."

मी त्यांना तिसऱ्यांदा म्हणायला लावणार होते, पण डॉक्टर पुढचं बघत होता. त्यानं चंद्रभानच्या जबड्याखाली आणि मानेत बोटं फिरवली, फार सावकाश. मग त्यानं मान हलवली. चिंतामणरावांनी सांगितलं की ही वाईट जातीची गाठ आहे. आपल्या वैद्यकात तिला अर्बुद म्हणतात, साहेबांच्या बोलीत तिला खेकड्याचं नाव आहे. ती कातडीतच उगवते, आजूबाजूचं खात हळूहळू पसरते. या जातीची गाठ वर्षानुवर्षं एकाच जागी राहते, ही नशिबाची गोष्ट. पण एकदा मानेत उतरली की चाकू पोचत नाही. अजून उतरलेली नाही. कान कापावा लागेल.

मी विचारलं, "हे उन्हानं झालं का?"

चिंतामणरावांनी डॉक्टरला विचारलं. दोघांत बराच वेळ इंग्रजी चाललं. मग म्हणाले, "साहेबांना माहीत नाही. पुस्तकात तसं लिहिलेलं नाही. तुम्हाला कशावरून वाटतं?"

मी चंद्रभाननं पुन्हा घातलेला सदरा वर केला. पाठ, पोट, मांड्या, सगळं लहान मुलासारखं नितळ. मग त्याचे हात दाखवले, मान दाखवली, नाक, ओठ. डाग, खवले, भेगा. कुठे ऊन पोचतं आणि कुठे पोचत नाही, याची रेघ त्याच्या अंगावर आखल्यासारखी आहे. डॉक्टर खाली वाकला आणि ती रेघ बघत राहिला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

मला कुणाच्या होकाराची गरज नाही. त्याला उन्हात कुणी उभं केलं, ते मला ठाऊक आहे.

गोदाबाई

अकोला,
ज्येष्ठ शुद्ध एकादशी, शके १७८६

पंजाबराव,

कापलं.

आत नेताना चंद्रभान मला म्हणाला, "बाई, कान गेला तं ऐकू येईन का?" मी चिंतामणरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ऐकू आतून येतं. हे नुसतं बाहेरचं सूप आहे." त्यावर तो म्हणाला, "मंग घ्या बाप्पा. सूप दुसरं आणता येते." खोलीतले सगळे हसले. मी हसले नाही.

फडक्यावर गोड वासाचं औषध टाकून त्याच्या नाकाशी धरलं. तो थोडा झगडला आणि निजला. मला बाहेर जा म्हणाले. मी गेले नाही. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिले. डॉक्टरनं जखमेच्या भोवतालचं चांगलं दिसणारं कातडंही बोटभर कापलं. मी ओरडले, "आवो, ते तं चांगलं आहे!" चिंतामणराव वर न बघता म्हणाले, "बाई, मूळ डोळ्यांना दिसत नाही. चांगलं थोडं गेलं तर चालेल, वाईट थोडं राहिलं तर चालणार नाही."

पुढे ताप आला. जखम पिकली. तो बडबडायचा आणि त्या बडबडीत तुझं नाव घ्यायचा. शिव्या देत असेल असं वाटून मी कान लावला. म्हणत होता, "पंजाबदादा, बोंडं भिजतीन, आत घ्या." तुझ्या कापसाची काळजी, पंजाब! अंगात आग आणि डोक्यात तुझा कापूस. त्या वेळी तू समोर असतास तर मी काय केलं असतं, ते तुझे भाऊजी लिहायला तयार नाहीत.

आता ताप उतरला आहे. जखम तळातून भरून येते आहे. काल त्यानं भाकरी आणि मिरचीचा ठेचा मागितला. कानाच्या जागी एक भोक आहे आणि भोवती गुलाबी कातडं. डॉक्टरनं सांगून ठेवलंय की अशा अंगावर दुसरीकडेही उठू शकतं. खपली आली आणि महिनाभरात गेली नाही, तर वाट न बघता यायचं. लहान असताना कापलं तर खूण राहते, माणूस जात नाही.

तू मात्र दोन पावसाळे वाट बघितलीस. हे मी विसरणार नाही.

गोदाबाई

पातूर,
मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा, शके १७८६

पंजाबराव,

चंद्रभानच्या वाट्यासाठी मी पंच बसवले, त्यांच्यापुढे तू आला नाहीस. अमरावतीत कापसाचा सौदा आहे, असा निरोप ठेवलास. अमरावतीत तू दुमजली घर बांधतो आहेस, हेही आपल्या धामणगावात कळलं. म्हणून तिथे काय झालं, ते मीच कळवते. दुसरा कुणी सांगेल तो तुझ्या तोंडाकडे बघून सांगेल.

मारुतीच्या पारावर सगळे जमले होते. आम्ही पोचलो, तेव्हा ऊन उतरत होतं. चंद्रभाननं कानावरून पागोटं ओढून घेतलं होतं आणि मी त्याला ते काढायला लावलं. पारावरचे दोघं मागे सरकले. जानराव पाटील सगळ्यांत वडील, ते म्हणाले, "गोदाबाई, बाईमाणसानं पंचात बोलू नाही."

मी म्हटलं, "बोलत नाई. दाखवतो."

आपल्याकडच्या बाया कधी कधी 'बोलतो, दाखवतो' म्हणतात, तसं तोंडून गेलं. कुणी हसलं नाही. पारामागे बाभूळ आहे. तिचा काटा मोडला, लांब, पांढरा. जानरावांच्या हातात दिला आणि म्हटलं, "टोचा याले. महारोग्याले कयत नाई म्हंतात. पाहा, कयते का नाई."

त्यांनी काटा घेतला, पण हात पुढे होईना. त्यांना शिवायची भीती वाटत होती. मग चंद्रभाननंच त्यांचं मनगट धरलं आणि काटा स्वतःच्या तळहातात दाबला. रक्ताचा थेंब आला. त्याचे डोळे आधीच उजेडानं पाणावलेले होते, ते वाहू लागले. "कयते, पाटील," तो म्हणाला. "सगयं कयते. फेकलेली भाकरबी कयते."



जानरावांनी काटा खाली टाकला. त्यांचं मनगट अजून त्याच्या हातात होतं आणि त्यांनी ते सोडवून घेतलं नाही, हे मी पाहिलं. मग म्हणाले, "पंजाबरावानं आमाले खोटं सांगतलं." त्यांच्या तोंडून हे निघालं आणि बाकीच्यांना एकदम आठवायला लागलं की आपल्यालाही तसंच वाटत होतं. मला त्यांचाही राग आला. तुझ्या एका शब्दावर माणूस वावराबाहेर टाकताना त्यांनी सुई मागितली नव्हती, काटाही मागितला नव्हता.

निवाडा झाला. अर्धी जमीन चंद्रभानची. तो ती जानरावांच्या देखरेखीखाली बटईनं कसायला देतो आहे आणि स्वतः माझ्याकडे राहतो. वाटा घेताना तो म्हणाला की विहिरीकडची बाजू दादाला राहू द्या, त्याची बैलं तिथे बांधतात. मी त्याला तिथेच रागावले. पण जमीन त्याची, मन त्याचं.

गोदाबाई

पातूर,
आषाढ शुद्ध द्वितीया, शके १७८७

पंजाबराव,

तुझं पत्र आलं. इतक्या दिवसांत पहिलं.

लढाई संपली आणि कापसाचा भाव कोसळला, हे लिहायला तू अर्धा कागद घालवलास. अमरावतीचं घर अर्धवट राहिलं, हेही लिहिलंस. ते ऐकताना मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही.

मग शेवटी, अगदी खाली, तू लिहितोस की तुझ्या माणिकबाईला मुलगी झाली आणि ती "चंद्रभानसारखी" आहे.

तुझे भाऊजी ती ओळ वाचून थांबले. मी म्हटलं, पुढे वाचा. पुढे तू लिहितोस की गावातले लोक मागच्या जन्मीचं पाप म्हणतात, कुणी म्हणतं महारोगाचं बीज घरात होतंच, आणि माणिकबाई दार लावून रडते. आणि मग विचारतोस, "बाई, काय करू?"

काय करू! पंजाब, पांढऱ्या अंगाचं काय करायचं, हे तू मला विचारतोस? तुझ्या डोळ्यांसमोर बाबा वीस वर्षं ते करत होते! माणिकबाई आपल्या मामाची पोर, मामाचीही एक बहीण पांढरी होती म्हणतात, लहानपणी गेली. रक्त दोन्हीकडून आलं असेल, पाप कुणीकडून आलेलं नाही. जे पाप म्हणतात, त्यांना माझ्याकडे पाठव.

मी उत्तर द्यायचं नाही, असं ठरवून उठले. मागे चंद्रभान बसला होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. गेल्या महिन्यात त्याच्या नाकावर लहानशी खपली आली होती, आम्ही लगेच अकोल्याला गेलो, चिंतामणरावांनी वाटाण्याएवढं कापलं आणि दोन टाके घातले. टाक्यांची खूण खाजवत तो म्हणाला,

"मी जातो धामणगावले."

"काय म्हणलं?"

"पोट्टी आहे ना. तिले उन्हातून कोन उचलन? त्यायले काय समजते."

"चंद्रभान, त्यानं तुले गाडीत घालून धाडलं होतं. घोंगडी टाकून."

"तिनं नाई धाडलं, बाई."

मी पुष्कळ बोलले. तुझ्याबद्दल जे जे पोटात होतं, ते सगळं काढलं. तो ऐकत राहिला, मध्ये एकदाही नाही म्हणाला नाही, आणि संध्याकाळी त्यानं गाठोडं बांधलं. तुझ्याबद्दल त्याचं काय मत आहे, हे मी विचारलं. म्हणाला, "दादावर राग आहे. मोठा आहे. पण तो पोट्टीवर काहून काढू?"

म्हणून लिहिते. तुझ्यासाठी नाही.

मुलीला सकाळचं कोवळं ऊन सरल्यापासून संध्याकाळी दिवस कलेपर्यंत अंगणात आणू नका. अंगभर मऊ सुती कपडा, मनगटापर्यंत. डोक्याला मोठं टोपडं, कान आणि मान झाकेल असं. डोळे थरथरतील, घाबरू नका. मोठी झाली की तिला लांबचं दिसायचं नाही, मारू नका. रोज न्हाऊ घालताना कानांचे काठ, नाक, ओठ, मानेची मागची बाजू उजेडात बघायची. खपली राहिली तर अकोला. लेप नाही, नवस नाही, अकोला. हे माणिकबाईला वाचून दाखव, तिला पाठ करायला सांग. आणि मुलगी मोठी होईल तेव्हा तिला वेचणीला नेलंस असं माझ्या कानावर आलं, तर मी पायी येईन.

चंद्रभान उद्या निघतो. आता आगगाडीच्या रुळांचं काम चालू आहे, म्हणून वाटेवर माणसं असतात, पण तुझे भाऊजी स्वतः त्याला गाडीतून आणून सोडतील. छपराची गाडी आहे. दुपारी ते झाडाखाली थांबतील.

तो तुझ्या घरी पाहुणा म्हणून येत नाही आणि आश्रित म्हणूनही येत नाही. अर्धं वावर त्याचं आहे. तो तुमच्या पंगतीत बसेल, तुमच्या ताटातलं खाईल. तुला त्याची माफी मागायची असेल, तर ती त्याच्याकडे माग, माझ्या मार्फत नको. तो देईल की नाही, मला माहीत नाही. मी असते तर दिली नसती.

त्याला ओसरीवर थांबवू नको. पाय धुवायला पाणी दे आणि सरळ आत जाऊ दे, मुलगी जिथे असेल तिथे. तिला त्याच्या हातात दे. आणि मग, पंजाब, तू दारातून बाजूला हो, म्हणजे खोलीत त्यांना बघण्यापुरता उजेड येईल.

गोदाबाई